हिरव्या अंड्यातला खारू

दोस्तांनो, कोंबडीचं अंडं तुम्ही सगळ्यांनीच पाहिलेलं असतं. पांढरं किंवा तपकिरी, मुठीत सहज मावणारं. आता असं एक अंडं डोळ्यांपुढे आणा, जे दोन्ही हातांच्या ओंजळीत जेमतेम मावतं, वजनाला अर्ध्या किलोच्याही वर भरतं आणि रंगाला असतं काळपट हिरवं, ओढ्यातल्या शेवाळलेल्या धोंड्यासारखं. वरून हात फिरवला तर जरासं खरखरीत लागतं. तराजूच्या एका पारड्यात कोंबडीची दहा अंडी ठेवली, तर दुसऱ्या पारड्यात हे एकच अंडं पुरतं. हे अंडं आहे इमूचं!

इमू हा मूळचा ऑस्ट्रेलियाचा पक्षी. जगातल्या पक्ष्यांत उंचीला पहिला नंबर शहामृगाचा आणि दुसरा इमूचा. मान ताठ करून उभा राहिला की पाच-सहा फूट सहज भरतो. पंख अगदीच नावापुरते, त्यामुळे उडणं नाही. पण पळायला लागला की ताशी पन्नास किलोमीटरच्या आसपास वेग घेतो. म्हणजे आपल्या गावच्या एस.टी.शी शर्यत लावील!

पण खरी गंमत पुढेच आहे. कोंबडीचं पिल्लू अंड्यातून बाहेर यायला २१ दिवस लागतात. बदकाच्या आणि मोराच्या पिल्लाला साधारण २८. शहामृगाचं अंडं इमूच्या अंड्याहून कितीतरी मोठं, तरी त्याला ४२ दिवस पुरतात. इमूच्या पिल्लाला मात्र पन्नास दिवस, कधी कधी त्याहूनही जास्त लागतात. आणि इतके दिवस अंड्यांवर बसतं कोण? आई? छे! आई अंडी घालते आणि आपल्या वाटेनं निघून जाते. बसतात ते बाबा! सुमारे आठ आठवडे नर इमू अंड्यांवर बसून राहतो. तो काही खात नाही, पाणीसुद्धा जवळजवळ पीत नाही. अंगातल्या चरबीवर दिवस काढतो. दिवसातून दहा-एक वेळा उठतो तो फक्त अंडी उलटी-पालटी करायला. पिल्लं बाहेर येईपर्यंत त्याचं वजन एक-तृतीयांशानं उतरलेलं असतं.

तुम्ही म्हणाल, ऑस्ट्रेलियातल्या पक्ष्याचं हे सगळं हिला कुठून कळलं? थोडं पुस्तकातून कळलं, पण खरं कळलं ते आमच्याच घरात. सोलापूर जिल्ह्यातल्या सांगोला तालुक्यात, आमच्या स्वयंपाकघराला लागून असलेल्या खोलीत, थर्मोकोलच्या एका खोक्यापाशी बसून! मी तेव्हा आठवीत होते.

आता इमू सांगोल्यात कसा आला, ते आधी सांगते. साधारण २००५ सालानंतर महाराष्ट्रात, आंध्रात, तमिळनाडूत जिकडेतिकडे इमूपालन सुरू झालं होतं. इमूचं तेल औषधी, मांस कमी चरबीचं, पिसांना मागणी, कातड्याला मागणी, असं सगळीकडे बोललं जायचं. कंपन्या शेतकऱ्यांना पिल्लांच्या जोड्या विकायच्या. पक्षी मोठे होऊन अंडी घालायला लागले, की ती अंडी कंपनीच विकत घेणार, असा करार. आमचा भाग दुष्काळी. पाऊस आला तर आला! अशा ठिकाणी कमी पाण्यावर तगणारा पक्षी मिळतोय म्हटल्यावर माझ्या काकांनीही कर्ज काढून चार जोड्या आणल्या. घरामागच्या पडीक रानात उंच जाळीचं कुंपण घातलं.

हिवाळ्यात इमू अंडी घालतात. मादी तीन-चार दिवसांआड एक अंडं घालते, तेही बहुधा तिन्हीसांजेला. काका बॅटरी घेऊन कुंपणात जायचे आणि हिरवं अंडं धोतराच्या मऊ फडक्यात गुंडाळून आणायचे. आठवड्यातून एकदा कंपनीची गाडी यायची आणि अंडी घेऊन जायची.

२०११ सालच्या डिसेंबरात ती गाडी यायची थांबली. काकांनी फोन केले. आधी 'पुढच्या आठवड्यात येतो' असं उत्तर मिळालं. मग फोन उचलणंच बंद झालं. पुढं २०१२ सालात तर इमूचा धंदा ठिकठिकाणी कोसळला. तमिळनाडूत हजारो लोकांनी पोलिसांकडे तक्रारी केल्या आणि बेवारस पक्ष्यांच्या खाण्याची सोय सरकारला करावी लागली. पण ते नंतर. तेव्हा आम्हाला एवढंच दिसत होतं, की घरातल्या कोनाड्यात हिरवी अंडी साठत चालली आहेत आणि काका जेवताना कुणाशी बोलत नाहीत.

एकदा आईनं त्यातल्या एका अंड्याचं ऑम्लेट केलं. घरातली आठही माणसं जेवली आणि तरी उरलं! काकांनी मात्र घास तोंडात घातला नाही.

मी विचारलं, "काका, एखादं अंडं आपण उबवूया का?"

"मशीन लागतं त्याला. लाखाचं," काका म्हणाले.

"मग नराला बसू द्या की अंड्यांवर."

"आठ पक्षी एका कुंपणात आहेत. एक बसला तर बाकीचे त्याला सुखानं बसू देतील होय? पायाखाली फुटतील अंडी. आणि खरं सांगू का, त्या पक्ष्यांचं नाव काढू नकोस माझ्यापुढं."

पण आजी जवळच शेंगा फोडत बसली होती. तिनं आयुष्यात किती खुडूक कोंबड्या अंड्यांवर बसवल्या असतील, त्याला गणती नाही. पाटीत भुसा घालायचा, त्यावर अंडी मांडायची, खुडूक कोंबडी बसवायची आणि वर डालगं झाकायचं. ती म्हणाली, "आरं, अंड्याला काय पायजे? ऊब पायजे, वारा पायजे आन् राखण पायजे. त्येला लाख रुपयं कशापायी?"

झालं! आजीचं हे वाक्य मी दुसऱ्या दिवशी आमच्या विज्ञानाच्या सरांना जाऊन सांगितलं. सर हसले नाहीत. म्हणाले, "आजींनी तीन गोष्टी सांगितल्या. मी आणखी दोन सांगतो. ओलावा आणि वळवणं. या पाच गोष्टी जमल्या, तर तुमचं खोकं हेच मशीन."

मग आम्ही खोकं तयार केलं. औषधांच्या दुकानातून थर्मोकोलचा एक मोठा डबा मिळाला. आत चाळीस वॅटचे दोन बल्ब लावले. दोन का? तर एक उडाला तर दुसरा असावा म्हणून. बल्बची आच थेट अंड्यांना लागू नये म्हणून मध्ये पत्र्याचा आडोसा केला. हवा खेळायला चारी बाजूंनी पेन्सिलीएवढी भोकं पाडली. तालुक्याच्या गावी पोल्ट्रीच्या सामानाच्या दुकानात थर्मोस्टॅट मिळाला. खोकं हवं तेवढं तापलं की तो बल्ब बंद करतो आणि गार व्हायला लागलं की पुन्हा चालू करतो.

इमूच्या अंड्याला ३६ ते ३६.५ अंश सेल्सिअस उष्णता लागते. कोंबडीच्या अंड्याहून एखादा अंश कमीच. मी घरातला ताप मोजायचा थर्मामीटर आत ठेवायला निघाले, तर सर म्हणाले, "थांब. तो चालायचा नाही. त्यातला पारा एकदा चढला की झटकल्याशिवाय उतरत नाही. खोकं गार पडलं तरी तुला कळणार नाही." त्यांनी शाळेच्या प्रयोगशाळेतले दोन साधे थर्मामीटर दिले. एक तसाच टांगला. दुसऱ्याच्या फुग्याला ओलं फडकं गुंडाळून त्या फडक्याचं टोक पाण्याच्या वाटीत सोडलं. ओल्या फडक्यातलं पाणी वाफ होऊन जातं, त्यामुळे तो थर्मामीटर कमी तापमान दाखवतो. हवा जितकी कोरडी, तितका दोघांतला फरक जास्त. या फरकावरून हवेतला ओलावा किती, ते कळतं. इमू हा कोरड्या मुलखातला पक्षी. त्याच्या अंड्याला ओलावा कमीच लागतो. कोरडा थर्मामीटर ३६वर असला, की ओला २३-२४ अंशांवर असला पाहिजे. आम्ही पाण्याची वाटी लहान-मोठी करून ते जमवलं.

८ जानेवारी २०१२, रविवार. कोनाड्यातल्या सगळ्यांत ताज्या अंड्यांपैकी तीन अंडी आम्ही निवडली. पाण्यानं धुतली नाहीत. अंड्याच्या कवचाला हजारो बारीक छिद्रं असतात. धुताना घाण त्यांतूनच आत जाण्याची भीती असते. कोरड्या फडक्यानं हलकेच पुसली आणि प्रत्येकावर खडूनं एका बाजूला फुली, दुसऱ्या बाजूला गोल काढला. एक, दोन, तीन असे नंबर दिले. आजीनं खोक्याला हळद-कुंकू लावलं आणि झाकण बंद केलं.

आता फुली आणि गोल कशासाठी? तर अंडं वळवण्यासाठी. बलक हलका असतो, तो वर तरंगतो आणि वाढणारा जीव असतो त्याच्यावर. अंडं एकाच जागी पडून राहिलं, तर तो जीव कवचाच्या आतल्या पापुद्र्याला चिकटतो आणि मरतो. म्हणून तर नर इमू दिवसातून दहादा उठतो! आम्ही पाच वेळा ठरवल्या. पहाटे सहाला मी, शाळेत जाण्यापूर्वी दहाला धाकटा भाऊ, दुपारी दोनला आजी, संध्याकाळी सहाला आई आणि रात्री दहाला पुन्हा मी. एकदा फुली वर, एकदा गोल वर. पाच हा आकडा विषम, त्यामुळे रात्रभर जी बाजू वर राहायची, ती दुसऱ्या रात्री खाली जायची. भिंतीवर कॅलेंडरशेजारी वही टांगली होती, तीत ज्यानं त्यानं सही करायची. आजीला सही येत नव्हती. ती अंगठ्याला कुंकू लावून ठसा उमटवायची.

कोंबडीचं अंडं अंधारात बॅटरीसमोर धरलं, की आतल्या लाल रेघा दिसतात. इमूच्या अंड्याचं कवच इतकं जाड आणि गडद, की प्रकाश आरपार जातच नाही. मग आत काय चाललंय, कळायचं कसं? सर म्हणाले, "वजन करा." आतलं पाणी कवचाच्या छिद्रांतून वाफ होऊन हळूहळू जात असतं. ते ठरावीक वेगानंच जायला हवं. पन्नास दिवसांत अंड्याचं वजन साधारण १५ टक्क्यांनी घटलं, तर ओलावा बरोबर आहे असं समजायचं. किराणा दुकानदार रविवारी दुपारी दुकान बंद असताना त्याचा वजनकाटा आम्हाला द्यायचा. तीन नंबरचं अंडं पहिल्या दिवशी ५८० ग्रॅम भरलं. पुढच्या रविवारी ५६८. त्याच्या पुढच्या रविवारी ५५६. मी आलेख कागदावर टिंबं मांडत गेले आणि रेघ अशी सरळ उतरत गेली, की गणिताच्या पुस्तकात शोभली असती. मात्र एक गोष्ट सरांनी बजावून सांगितली होती. वजन घटतंय म्हणजे आत जीव आहेच, असं नाही. आत काही नसलं तरी पाणी उडतच राहतं. म्हणजे खरं काय ते शेवटीच कळणार!

आणि यात एक मोठा शत्रू होता. लोडशेडिंग! त्या काळी आमच्याकडे वीज रोज कित्येक तास जायची. वीज गेली की बल्ब बंद, बल्ब बंद की ऊब बंद. यावरचा उपाय आईनं काढला. पाणी तापायला वेळ लागतो, तसंच ते गार व्हायलाही वेळ लागतो. चुलीवर पाणी तापवून ते प्लॅस्टिकच्या बाटल्यांत भरायचं, बाटल्या फडक्यात गुंडाळून अंड्यांच्या बाजूनं ठेवायच्या आणि खोक्यावर दोन गोधड्या टाकायच्या. चार तास वीज गेली तरी पारा एक-दोन अंशांपेक्षा जास्त उतरायचा नाही.

एकतिसाव्या दिवशी, ८ फेब्रुवारीला संध्याकाळी मोठा आवाज झाला आणि सगळ्या वस्तीवरचे दिवे गेले. डीपी जळाली! शहरातल्या मुलांना सांगते, डीपी म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर. तो जळाला की नवा येऊन बसेपर्यंत वीज नाही. दोन दिवस लागतील, असं कळलं.

दोन दिवस! दोन रात्री! आणि माघाची थंडी.

मी रडायच्या बेतात होते. तेवढ्यात काका उठले. गेला महिनाभर ते त्या खोलीत फिरकले नव्हते. त्यांनी गोठ्यातून चार पोती आणली, खोक्याभोवती लपेटली, परसातल्या चुलीवर मोठं पातेलं चढवलं आणि म्हणाले, "बाटल्या किती आहेत? सगळ्या आण."

त्या रात्री आम्ही दर तासा-दीड तासानं बाटल्या बदलल्या. पाणी फार कढत झालं तर अंडी भाजायची, कोमट झालं तर गारठायची. काका बोट बुडवून अंदाज घ्यायचे, मी थर्मामीटर वाचायची. एकदा पारा २९वर आला, एकदा ३८वर गेला. बारा वाजता मला झोप अनावर झाली. पहाटे जाग आली, तेव्हा काका अंगावर घोंगडी घेऊन चुलीपाशी बसलेले आणि शेजारी रात्रीचं ताट तसंच झाकलेलं. आजी आली, ताट बघितलं आणि म्हणाली, "जेवला न्हाईस? आरं, तूबी नर इमू झालास का काय?"

काका हसले. कितीतरी दिवसांनी हसले.

दुसऱ्या दिवशी शेजारचे लोक बाटल्या घेऊन आले. दुसऱ्या रात्री आई आणि आजीनं पाळी घेतली. तिसऱ्या दिवशी दुपारी वीज आली, बल्ब लागले आणि सगळ्या वस्तीत ओरडा झाला. अंडी मात्र गप्प. आत काय झालंय, कुणाला माहीत?

पंचेचाळिसाव्या दिवशी सरांनी एक युक्ती सांगितली. पिल्लाची वाढ पुरी होत आली, की ते आतल्या आत हालचाल करतं. अंडं सपाट जागेवर ठेवायचं, जवळ जाऊन हळूच शीळ घालायची आणि बघायचं. मी रात्री दहाला एक नंबरचं अंडं टेबलावरच्या फडक्यावर ठेवलं. शीळ घातली. काही नाही. दोन नंबर. काही नाही. आजी आतून ओरडली, "आगं, रातीच्या वक्ताला शीळ घालू नको!" मी तीन नंबरचं अंडं ठेवलं आणि अगदी बारीक, आजीला ऐकू जाणार नाही एवढीच शीळ घातली.

अंडं हललं!

एवढंसंच. डाव्या बाजूला झुकलं आणि पुन्हा सरळ झालं. मी पुन्हा शीळ घातली. ते पुन्हा हललं. मग मी इतक्या जोरात "काका!" अशी हाक मारली, की आजीसुद्धा धावत आली. आणि पुढची पाच मिनिटं आजीच तोंडानं "चुक् चुक्" करून अंड्याला हलवत होती!

शेवटचे तीन-चार दिवस अंडं वळवायचं नसतं. पिल्लू बाहेर येण्यासाठी नीट बसलेलं असतं. २६ फेब्रुवारीला, रविवारी, तीन नंबरचं वजन भरलं ४९६ ग्रॅम. म्हणजे ८४ ग्रॅम पाणी उडून गेलं होतं. गणित करून बघा, साडेचौदा टक्के होतात. आम्ही वळवणं थांबवलं आणि पाण्याची वाटी मोठी केली. २८ तारखेला संध्याकाळी आतून बारीक शीळ ऐकू आली. रात्री कवचाला एक तडा गेला. मग कवचाचा एक तुकडा वर उचलला गेला आणि तिथं चोचीचं टोक दिसलं.

आणि मग सगळं थांबलं. एक तास झाला. दोन तास झाले. भाऊ म्हणाला, "ताई, अडकलंय ते. आपण कवच काढूया ना थोडं!" मलाही तसंच वाटत होतं. आजीनं आमचे हात बाजूला केले. "हात लावायचा न्हाई. दमलं की थांबतंय, दम खाल्ला की पुन्हा लागतंय. त्येचं काम त्येला करू द्या." नंतर सरांनी कारण सांगितलं. आतल्या पापुद्र्यात रक्ताच्या बारीक नळ्या असतात आणि शेवटच्या तासांत त्यांतलं रक्त पिल्लाच्या अंगात जात असतं. उरलेला बलकही पोटात ओढला जात असतो. आपण मायेनं कवच सोललं, तर पिल्लू रक्त जाऊन मरू शकतं. कधी कधी हात न लावणं हीच मदत असते. पण ते किती अवघड असतं, ते त्या रात्री समजलं!

२९ फेब्रुवारीला पहाटे कवच मधोमध फुटलं. दोन दणकट पायांनी ढकलत ढकलत एक ओलंचिंब पिल्लू बाहेर आलं आणि धापा टाकत पडून राहिलं. दोन तासांत वाळलं. बघतो तर काय, अंगावर डोक्यापासून शेपटीपर्यंत पांढुरके आणि तपकिरी पट्टे! "ही तर खार!" भाऊ म्हणाला आणि पिल्लाचं नाव पडलं खारू. वाढदिवस तर असा, की चार वर्षांतून एकदाच यावा!

एक आणि दोन नंबरची अंडी आम्ही आणखी आठवडाभर ठेवली. मग काकांनी ती रानात नेऊन फोडली. एकात नुसतंच पाणी आणि बलक होता, जीव धरलेलाच नव्हता. दोन नंबरच्या अंड्यात मात्र पिल्लू होतं. पिसं फुटू लागलेलं, पण वाढ अर्धवट थांबलेली. सर म्हणाले, साधारण पाचव्या आठवड्यात गेलं असावं. म्हणजे डीपी जळाली त्याच सुमाराला. कुणी काही बोललं नाही. काकांनी स्वतः कुदळ घेतली आणि लिंबाखाली खड्डा केला.

खारूला पहिले तीन दिवस आम्ही काहीच खायला दिलं नाही. दचकू नका! पोटात ओढलेल्या बलकाची शिदोरी त्याला तेवढे दिवस पुरते. पायाखाली वर्तमानपत्र घातलं नाही, गोणपाट घातलं. गुळगुळीत जागेवर या पिल्लांचे पाय दोन्ही बाजूंना फाकतात आणि मग ती कधीच नीट चालत नाहीत. नंतर बारीक चिरलेला लसूणघास आणि कोंबडीच्या पिल्लांचं खाद्य सुरू केलं. एकटं पिल्लू झुरतं, म्हणून आजीनं त्याच्याजवळ कोंबडीची दोन पिल्लं सोडली. पहिले दोन दिवस तिघं सारखी दिसायची. महिन्याभरात खारू इतका वाढला, की पाऊस आला की ती दोघं त्याच्या पोटाखाली जाऊन उभी राहायची!

चमकणारी वस्तू दिसली की इमू ती गिळायला बघतो. खारूनं माझ्या फ्रॉकचं बटण तोडून गिळलं, तेव्हापासून रोज सकाळी अंगण झाडून खिळे, तारा, काचा वेचायचं काम आमच्याकडे आलं. अंडं वळवणं पाच वेळांत भागत होतं. पिल्लाचं दिवसभर पुरत नव्हतं.

त्या वर्षी पाऊस झाला नाही. सांगोल्यात जनावरांसाठी चारा छावण्या उघडल्या. गाई-म्हशींनाच चारा नाही, तिथं नऊ इमूंना काय घालायचं? कुणी म्हणालं, "सोडून द्या रानात." काही ठिकाणी लोकांनी तसं केलंही होतं. काका म्हणाले, "ज्याच्यासाठी रात्रभर चूल पेटवली, त्याला कुत्र्यांच्या तोंडी कसं देऊ?" महिनाभर ते मोटारसायकलवरून फिरले. शेवटी एका कृषी पर्यटन केंद्रानं सगळे पक्षी घ्यायचं कबूल केलं. काकांनी एक पैसा मागितला नाही. पण पक्षी देण्याआधी दोनदा जाऊन त्यांनी तिथलं कुंपण, सावली आणि पाणी बघितलं. खारूला टेम्पोत चढवताना मात्र ते पाठ फिरवून उभे होते.

मुलांनो, इमू माणसाच्या संगतीत वीस वर्षांहून जास्त जगू शकतो. म्हणजे आज तुम्ही पाचवीत असाल, तर तुमचं शिक्षण, नोकरी सगळं होईपर्यंत तो तुमच्या अंगणात असेल! म्हणून कुणी इमूचं अंडं आणून दिलं आणि 'उबवून बघ, मज्जा येते' असं म्हणालं, तर आधी घरातल्या मोठ्यांना एकच प्रश्न विचारा, बावन्न दिवसांनंतर काय?

पण अंड्यातून जीव बाहेर येताना बघायचाच असेल, तर त्याला इमू कशाला हवा? सुट्टीत गावी गेलात की कुणाकडे खुडूक कोंबडी बसली आहे का, ते विचारा. अंडी कोणत्या तारखेला मांडली ते वहीत लिहा. घरची माणसं परवानगी देतील तेव्हाच, कोंबडी दाणे टिपायला उठलेली असताना, एक अंडं झटकन काट्यावर ठेवून त्याचं वजन करा आणि परत ठेवा. दर तीन दिवसांनी टिंब मांडा. तुमच्या आलेखावरची रेघ हळूहळू उतरत जाईल. विसाव्या दिवशी कान लावलात, तर आतून आवाज येईल. एकविसाव्या दिवशी मात्र हात पाठीमागे बांधून बसा हं! त्याचं काम त्याला करू द्या.